उन्हात कुत्रा पळवणाऱ्यांचा पूर्वपक्ष

'ऊन असो, पाऊस असो, कुत्र्याचा फेरफटका चुकता कामा नये.' विदर्भात एप्रिल लागला की हे वाक्य कानावर येऊ लागते. ते बोलणारे अडाणी किंवा निष्काळजी नसतात. उलट, कुत्र्यासाठी स्वतःची झोप मोडणारी, त्याच्या लसींच्या तारखा तोंडपाठ असणारी ही मंडळी आहेत. म्हणूनच त्यांच्या मताला वजन आहे आणि म्हणूनच ते तपासून घेणे भाग आहे. निष्काळजी माणसाचा कुत्रा मे महिन्यात अंगणातल्या सावलीत पडून असतो. उन्हात धापा टाकत चालतो तो बहुतेक वेळा शिस्तीच्या माणसाचा.

प्रतिपक्षाची बाजू त्याच्याइतक्याच जोराने मांडायची तर ती अशी होईल. कुत्रा हा धावण्यासाठी घडलेला प्राणी आहे. त्याला दोन महिने कोंडून ठेवले तर तो लठ्ठ होतो, चिडचिडा होतो, चपला आणि सोफे फाडतो. दुसरे म्हणजे तो मुळातच काटक आहे. गल्लीतली गावठी कुत्री कूलरशिवाय मेअखेरचा रणरणता नवतपा काढतातच ना? तिसरे, उन्हाची सवय होते. रोज थोडे ऊन अंगावर घेतले की शरीर तयार होते. आणि शेवटचे, सर्वांत पटणारे: जनावराला स्वतःचे कळते. झेपेनासे झाले की तो आपोआप बसेल. मग माणसाने एवढा बाऊ कशाला करायचा?

पहिल्या मुद्द्यावर वाद नाही. व्यायामावाचून कुत्रा बिघडतो हे खरेच आहे आणि लठ्ठ कुत्र्याला उष्माघाताचा धोका जास्त असतो, हेही त्याच मुद्द्याला बळ देणारे आहे. पण 'व्यायाम हवा' या विधानातून 'तो याच वेळी, एवढाच आणि याच प्रकारचा हवा' हे कसे सिद्ध होते? मधली पायरी कुणी दाखवत नाही. ती दाखवता येतही नाही.

काटकपणाचा मुद्दा घेण्याआधी शरीराची रचना पाहू. माणूस सर्वांगाने घाम गाळतो. कुत्र्याच्या घामग्रंथी कामाला येतात त्या पंजांच्या गाद्यांपुरत्या, आणि त्यांचा उपयोग नगण्य. त्याचे खरे साधन धाप. एरवी मिनिटाला पंधरा ते तीस वेळा श्वास घेणारा कुत्रा तापला की तीनशेच्या आसपास धापा टाकतो आणि जीभ, तोंड, नाक यांवरचा ओलावा उडवून शरीर थंड ठेवतो. त्याचे निरोगी तापमान साधारण ३८ ते ३९ अंश सेल्सिअस. हवा २५ अंशांवर असेल तर अंगातली काही उष्णता आपसूक बाहेर जाते. हवा ४४ अंशांवर गेली की हा व्यवहार उलटा होतो. हवेचीच उष्णता अंगात शिरू लागते आणि सगळा भार त्या वीतभर जिभेवर येतो. त्यात भर स्नायूंची. धावताना स्नायू जी ऊर्जा खर्च करतात, तिचा तीन चतुर्थांशांहून अधिक भाग उष्णतेत जातो. म्हणजे पळणारा कुत्रा स्वतःच एक चूल पेटवत असतो, आणि धूर निघायला धुराडे एकच.

आता आपल्याच शेतीकडे पाहा. उन्हाळ्यात नांगरट करणारा शेतकरी पहाटे औत धरतो आणि ऊन चढले की सोडतो. बैल काटक नसतो म्हणून का? बैलाइतके काटक जनावर दुसरे कोणते? हा शहाणपणा पुढे नियमातही आला. १९६० च्या प्राणी क्रौर्य प्रतिबंधक कायद्याखाली केंद्र सरकारने १९६५ मध्ये ओझ्याच्या जनावरांसाठी नियम केले. तापमान ३७ अंशांपेक्षा जास्त असेल तेथे दुपारी १२ ते ३ या वेळेत जनावराला गाडीला जुंपू नये, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. बैलाला निदान घाम तरी येतो, आपल्या देशी गोवंशाला तर चांगलाच येतो. घाम गाळू शकणाऱ्या बैलाला जिथे विसावा लागतो, तिथे घामाचा उपयोगच नसलेल्या कुत्र्याला किती लागेल? कैमुतिक न्याय म्हणतात तो हाच.

पण गल्लीतल्या कुत्र्याचे काय, हा प्रश्न उरतो. प्रतिपक्षाचा हा सर्वांत आवडता साक्षीदार. त्याची उलटतपासणी करू. मे महिन्यात भर दुपारी नागपूरच्या धरमपेठेतल्या कुठल्याही गल्लीत जाऊन पाहा. एक कुत्रा उभ्या ऑटोखाली पसरलेला असतो. दुसऱ्याने सार्वजनिक नळाच्या गळतीने ओल्या झालेल्या मातीत पुढच्या पायांनी खळगा उकरलेला असतो, वरची तापलेली माती बाजूला सारून तो खालच्या गार मातीला पोट टेकून असतो. पोटावर केस विरळ, म्हणून तिथून उष्णता लवकर जाते. हे त्याला कुणी शिकवलेले नसते. समोरून मांजर गेले तरी एक डोळा उघडतो आणि मिटतो. संध्याकाळी वस्तीवर भुंकणारा, रात्री दुचाकीमागे धावणारा हाच तो. कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या संशोधकांनी भारतीय मोकाट कुत्र्यांच्या दिनक्रमाची निरीक्षणे करून ठेवली आहेत. दिवसाचा मोठा वाटा ही कुत्री नुसती पडून काढतात, असेच त्यांना आढळले. मग हा साक्षीदार नेमका कुणाचा? नवतपा तो काढतो हे खरे. दुपारी फेरफटका न मारता काढतो, हेही तितकेच खरे.

यावर चतुर प्रतिपक्षी म्हणेल, 'झाले की मग! कुत्र्याला कळते हे तुम्हीच सिद्ध केलेत. माझ्याही कुत्र्याला कळेल, तोही थांबेल.'

खरा वाद इथे आहे, आणि याच समजुतीने सर्वाधिक जीव घेतले आहेत असे माझे मत आहे. गल्लीतला कुत्रा थांबतो, कारण त्याला कुणी चालवत नाही. तुमच्या कुत्र्याच्या गळ्यात पट्टा आहे आणि पट्ट्याचे दुसरे टोक तुमच्या हातात आहे. वेळ, रस्ता, वेग, परतण्याचे ठिकाण सगळे तुम्ही ठरवलेले. माणसाच्या मागे चालत राहणे हाच गुण आपण पिढ्यान्‌पिढ्या निवडून त्याच्यात रुजवला. आता त्याच गुणामुळे तो थांबत नाही, आणि आपण म्हणतो, थांबला नाही म्हणजे झेपत असणार! पट्टा सोडून चेंडू फेकला तरी फरक पडत नाही. कॅनडातल्या पशुवैद्यक संशोधकांनी निरोगी, तयारीच्या लॅब्रॅडॉरना दहा मिनिटे वस्तू फेकून आणायला लावली. तेवढ्यात त्यांच्या शरीराचे तापमान ४१ अंशांच्या पुढे गेले. तरी ती कुत्री आनंदाने पळत होती. लॅब्रॅडॉरला चेंडू दिसला की देहभान उरत नाही. पाळणाऱ्यांना हे सांगायला नको. निरोगी कुत्रा मोकळ्या हवेत विश्रांती घेऊन त्यातून सावरतो. पण सावरायला लागणारी हवाच जिथे शरीरापेक्षा गरम आहे, तिथे?

म्हणून 'तो स्वतः थांबेल' या विधानात तर्काची उघड गफलत आहे. मोकळ्या कुत्र्याचे वागणे बांधलेल्या कुत्र्याविषयीचा पुरावा म्हणून दिले जाते. ज्याचे स्वातंत्र्य काढून घेतले, त्याच्याच निर्णयशक्तीवर जबाबदारी ढकलली जाते. हे चालणार नाही.

सवयीचा मुद्दा अर्धा खरा आहे, त्यामुळे तो अधिक फसवा आहे. शरीर उन्हाला हळूहळू सरावते, यात शंका नाही. त्याला काही दिवसांपासून काही आठवडे लागतात. पण दिवसाचे तेवीस तास कूलरच्या गारव्यात काढणारा कुत्रा तासभर उन्हात नेल्याने सरावत नाही. तो रोज नव्याने भाजला जातो. आणि सरावालाही मर्यादा आहे. सरावलेली जीभ काही दुप्पट लांब होत नाही. इथे कुणीतरी हमखास अलास्कातल्या स्लेज ओढणाऱ्या कुत्र्यांचा दाखला देतो. आयडिटारॉड शर्यतीत ती सुमारे दीड हजार किलोमीटर धावतात; मग आपला कुत्रा दोन किलोमीटर चालला तर काय होते? धावतात, पण मार्च महिन्यात, बर्फातून, शून्याच्या बऱ्याच खालच्या तापमानात. ऊन पडले, बर्फ मऊ झाला की त्यांचे चालक दुपारी मुक्काम करतात आणि रात्री निघतात. जगातले सर्वांत दणकट धावपटूही दुपार टाळतात! (नागपुरात हस्की पाळणाऱ्यांविषयी मी इथे मुद्दाम काही लिहीत नाही. तो वेगळ्या लेखाचा, आणि वेगळ्या रागाचा, विषय आहे.)

आता आकडे. ब्रिटनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेज आणि नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ ते २०१८ या काळातल्या नऊ लाखांहून अधिक कुत्र्यांच्या दवाखान्यांतील नोंदी तपासल्या आणि निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध केले. बंद मोटारीत कुत्रा मरतो, हे सर्वांना ठाऊक असते. पण उष्णतेच्या विकाराच्या घटनांत मोटारीचा वाटा निघाला सुमारे ५ टक्के. व्यायामाचा वाटा सुमारे ७४ टक्के. त्यातही निम्म्याहून जास्त घटना नुसत्या चालण्याने घडलेल्या. त्याच गटाच्या २०१६ च्या नोंदींवरील अभ्यासात असा त्रास झालेल्या दर सात कुत्र्यांमागे सुमारे एक दगावल्याचे दिसते. बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग आणि चाउ चाउ यांना धोका सर्वांत जास्त. चपट्या नाकाच्या कुत्र्याचे धुराडेच अरुंद असते.

'ब्रिटनच्या कुत्र्यांना ऊन माहीतच नाही, त्यांचे आकडे आम्हाला कशाला?' हा आक्षेप रास्त वाटतो, पण तो उलटतो. ज्या देशात ३० अंशांना बातमी होते, तिथेही चालून कुत्री कोसळत असतील, तर दोष एकट्या उन्हाचा नाही. ऊन आणि हालचाल यांच्या बेरजेचा आहे. नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंशांची नोंद झाली. बेरजेतला एक आकडा इथे आधीच एवढा मोठा असतो. दुसरा आकडाही आपण वाढवायचा का?

बरीच समजूतदार माणसे इथवर मान्य करतात आणि म्हणतात, 'म्हणूनच आम्ही संध्याकाळी नेतो.' नागपूरकरांनी या उत्तरावर समाधान मानू नये. भर उन्हात डांबरी रस्ता हवेपेक्षा वीस-पंचवीस अंशांनी सहज अधिक तापतो, आणि आपले नवे सिमेंटचे रस्ते दिवसभर प्यायलेली उष्णता रात्री उशिरापर्यंत ओकत राहतात. माणसाचे नाक त्यापासून पाच फूट वर असते, कुत्र्याचे दीड फूट. हाताचा पालथा पंजा सात सेकंद रस्त्यावर टेकवता आला नाही, तर कुत्र्याचे चार पंजे तिथे नकोत. खरा गारवा मिळतो तो पहाटे. मे महिन्याच्या शेवटी नागपुरात साडेपाचच्या सुमारास सूर्य उगवतो आणि दिवसाचे किमान तापमान त्याच्या आसपासच असते. मुंबई, कोकण आणि गोव्याच्या वाचकांनी मात्र थर्मामीटरकडे पाहून निश्चिंत होऊ नये. दमट हवेत जिभेवरचा ओलावा उडत नाही. ३३ अंशांची चिकट संध्याकाळ ३८ अंशांच्या कोरड्या संध्याकाळपेक्षा वाईट ठरू शकते. खिडक्या बंद करून कूलर लावलेल्या खोलीचीही हीच गत.

दुसऱ्या टोकाचे लोकही आहेत. ते जूनपर्यंत कुत्र्याला एसीतून हलवत नाहीत. त्यांचे कुत्रे मृगाच्या पहिल्या पावसात लठ्ठ होऊन बाहेर पडते आणि पहिल्याच उघडिपीत धापा टाकते. तेही मला मान्य नाही. कुत्र्याला थकवायला मैल लागत नाहीत, नाक लागते. भाकरीचे तुकडे जुन्या टॉवेलाच्या घड्यांत गुंडाळून त्याला सोडवायला द्या. जिन्यात, पलंगाखाली, दाराआड लपवून शोधायला लावा. पंधरा-वीस मिनिटांत तो जितका निवांत होऊन पडतो, तितका पळवूनही होत नाही. पहाटेच्या फेरीतही त्याला ओढत न नेता हुंगू द्या.

आणि सगळी काळजी घेऊनही एखाद्या दिवशी जीभ लांब, रुंद, फावड्यासारखी लोंबू लागली, लाळ घट्ट झाली, हिरड्या लालभडक दिसल्या, चाल लटपटली, तर आधी मोटारीची किल्ली शोधू नका. आधी पाणी. नळाचे, माठाचे, मिळेल ते, अंगापेक्षा गार असले की पुरे. ते अंगभर ओता, पंखा लावा, मग दवाखाना गाठा. ओला टॉवेल पांघरून ठेवू नका. तो लगेच गरम होतो आणि उष्णता आतच कोंडतो.

निवाडा वाचकांनी करायचा आहे. माझी मागणी मोजकी आहे. पारा चाळिशीकडे सरकू लागल्यापासून मोसमी पाऊस स्थिरावेपर्यंत सकाळी सातनंतर पट्टा खुंटीवरच राहू द्या, आणि चेंडू फेकणे पूर्ण बंद ठेवा.