वेताच्या खुर्चीचे विणकाम व दुरुस्ती

वेताच्या खुर्चीचे विणकाम ही जुन्या लाकडी खुर्चीची फाटलेली किंवा सैल पडलेली बैठक काढून ती वेताच्या पट्ट्यांनी पुन्हा हाताने विणण्याची कारागिरी आहे. कोल्हापूर व परिसरातील जुने वाडे, कचेऱ्या आणि शाळांमध्ये सागवानी किंवा शिसवी चौकटीच्या अशा खुर्च्या आढळतात.

साहित्य

वेत ही ताडकुळातील काटेरी वेल असून ती सह्याद्रीच्या सदाहरित जंगलांतही उगवते. बांबू आतून पोकळ असतो, वेत मात्र भरीव असतो. त्याची चकचकीत साल सोलून विणकामाच्या पट्ट्या काढतात आणि उरलेला गाभा टोपल्यांसाठी वापरतात. कोल्हापुरातील बुरुड गल्ली टोपल्या व सुपांसाठी ओळखली जाते, परंतु बुरूडकाम मुख्यतः बांबूचे असते. खुर्चीचे वेतकाम हे त्याहून वेगळे कौशल्य आहे.

चौकटीची दुरुस्ती

बैठक फाटली की लक्ष विणीकडे जाते. खरा धोका मात्र चौकटीला असतो. बैठकीच्या कडेने साधारण अर्ध्या इंचाच्या अंतरावर भोकांची रांग असते आणि लाकूड याच रांगेत चिरते. ओला वेत सुकताना आकसतो व चौकटीवर मोठा ताण आणतो. चिरलेल्या चौकटीवर नवी वीण घातल्यास ती चौकट फोडू शकते. म्हणून सांधे व चिरा आधी जोडून, पूर्ण वाळू देऊनच विणकाम सुरू करतात.

जुने सांधे बहुधा सरसाने जोडलेले असतात. सरस उष्णतेने व ओलाव्याने मऊ होतो, त्यामुळे सांधा न मोडता उघडता येतो. कोल्हापूरच्या पावसाळी दमट हवेत हाच गुण कधी दोष ठरतो. तरीही मौल्यवान खुर्चीसाठी सरस योग्य, कारण आधुनिक गोंदाने जोडलेला सांधा पुढे उघडताना लाकूडच तुटण्याची भीती असते. लाखेचे जुने पॉलिश सरसकट घासून काढणेही अनावश्यक असते; पुष्कळदा मळ पुसून लाखेचा पातळ हात दिला की पुरते. लाकडातून बारीक पिठी गळत असल्यास कीड जिवंत असण्याची शक्यता असते व तिचा बंदोबस्त प्रथम करावा लागतो.

वीण

जुनी वीण कापण्यापूर्वी तिचे छायाचित्र घेतात, भोके मोजतात आणि आत अडकलेले तुकडे ठोकून बाहेर काढतात. पट्ट्या पाण्यात भिजवून, चकचकीत बाजू वर ठेवून विणतात. रूढ विणीत सहा फेऱ्या असतात: पहिली उभी, दुसरी आडवी, तिसरी पुन्हा उभी आणि चौथी आडवी, जी उभ्या पट्ट्यांत खाली-वर गुंफली जाते. पाचवी व सहावी फेरी तिरपी. एक तिरपी पट्टी उभ्या जोडीवरून व आडव्या जोडीखालून गेली, तर दुसरी नेमकी उलट जाते. हा क्रम चुकला की पट्ट्या एकमेकींना घासून कापल्या जातात. बरोबर साधला तर अष्टकोनी छिद्रांची जाळी तयार होते. अखेरीस भोकांवरून रुंद पट्टी बसवून कडा झाकतात.

बैठक केवळ सैल झाली असेल, तर ती नव्याने विणण्याची गरज नसते. खालच्या बाजूने कोमट पाण्याने ओली करून रात्रभर सुकू दिल्यास ती बरीचशी ताणली जाते.

कारागीर

भोके मोजणे व ताण ओळखणे ही दोन्ही कामे बोटांनी होत असल्यामुळे दृष्टिहीनांना हे कौशल्य चांगले साधते. मुंबईत १९०२ साली व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा स्थापन झाली. पुढे देशभरच्या अंधशाळांत वेतकाम हा शिकवला जाणारा एक प्रमुख हस्तव्यवसाय ठरला. कचेऱ्यांतील वेताच्या खुर्च्यांची जागा गादीच्या व प्लास्टिकच्या खुर्च्यांनी घेतली, तसा या कामाचा मोठा आधार गेला.

कच्च्या मालाचाही प्रश्न आहे. वेताचा सर्वांत मोठा उत्पादक असलेल्या इंडोनेशियाने २०१२ पासून कच्च्या वेताची निर्यात थांबवली. आता अनेक ठिकाणी प्लास्टिकच्या पट्ट्यांनी वीण भरतात. त्या सुकताना आकसत नाहीत, त्यामुळे सगळा ताण विणतानाच ओढून द्यावा लागतो. बैठकीवर प्लायवूड ठोकणे हा सर्वांत स्वस्त उपाय; परंतु खिळ्यांनी भोकांची रांग फुटली, तर ती खुर्ची पुन्हा वेताने विणणे फार अवघड होते.