कर्णनाद (डहाणू–तलासरी परिसर)

बाहेर कसलाही आवाज नसताना कानात किंवा डोक्यात ऐकू येणारी शीळ, किरकिर वा घुमघुम. हा स्वतंत्र आजार नसून लक्षण आहे.

भूगर्भातील आवाज. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू व तलासरी तालुक्यांत भूकंपमालिका सुरू झाली. धुंदलवाडी व आसपासच्या गावांत लोक धक्क्यासोबत स्फोटासारखा आवाज ऐकत. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. अनेक कुटुंबांनी थंडीत घराबाहेर, तंबूंत रात्री काढल्या. केंद्र उथळ असले की पहिल्या लहरींची ऊर्जा हवेत उतरते आणि आवाज सर्वांना ऐकू येतो. म्हणून तो कर्णनाद नव्हे. मात्र जागरण आणि सततची धास्ती यांनी आधीचा कर्णनाद असह्य होऊ शकतो. 'भूकंपाचा भास' म्हणून अशा रुग्णाची बोळवण करणे अन्यायाचे आहे. त्याचा कान तपासलाच पाहिजे.

कारणे. मोठा आवाज, वय, कानातला मळ, कान फुटणे. क्विनाइन व क्षयावर पूर्वी सर्रास दिली जाणारी स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शने यांनीही कान वाजतो. अंतःकर्णातील केसपेशी मेल्या की मेंदू अपुऱ्या संदेशाची पातळी वाढवतो, हे सर्वाधिक मान्य स्पष्टीकरण. मोठ्या आवाजाचा धोका इथेही आहे: चिंचणी-डहाणू पट्ट्यात दागिन्यांच्या डाय (ठसे) कोरण्याचा घरगुती धंदा आहे. कारागीर पोलादाच्या ठोकळ्यावर वाकून छिन्नीवर हातोडी मारतो. कान घावापासून जेमतेम हातभर लांब. कारखान्यांसाठी ८ तासांना ९० डेसिबलची मर्यादा आहे, पण घरच्या ओट्यावर ती कोण मोजणार? या कारागिरांना कानात घालायचे बोळे मिळायला हवेत.

आयुर्वेद. सुश्रुतसंहितेत कर्णरोगांत समावेश.

उपाय. आवाज कायमचा घालवणारे सिद्ध औषध नाही. त्रास मात्र कमी करता येतो. ऐकू कमी येत असल्यास श्रवणयंत्राने बऱ्याच जणांना आराम पडतो. रात्री पाड्यावर सामसूम झाली की नाद वाढल्यासारखा वाटतो. तेव्हा पंखा किंवा हळू लावलेला रेडिओ उपयोगी पडतो. त्रासाकडे पाहण्याची सवय बदलणाऱ्या समुपदेशनाला (बोधात्मक वर्तनोपचार) सर्वांत भक्कम पुरावा आहे. पडदा फाटलेल्या कानात तेल घालू नये. सविस्तर श्रवणचाचणी वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत होते. तिथे जायला डहाणूरोडहून २०१३ पासून लोकल आहे. एकाच कानातला किंवा नाडीच्या ठेक्यावर येणारा आवाज तज्ज्ञाला दाखवावा. ऐकू येणे अचानक बंद झाल्यास त्याच दिवशी दवाखाना गाठावा. उपचाराचा अवधी फार थोडा असतो.