‘दोष’ या शब्दाचे दोन अर्थ

मंडळी, महाडात बोलायला उभं राहिलं की १९२७ साल टाळता येत नाही. मार्चमध्ये चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. डिसेंबरच्या परिषदेत मनुस्मृतीचं दहन झालं, आणि बाबासाहेबांनी स्त्रियांपुढे वेगळं भाषणही केलं. त्याच वर्षी जुलैत र. धों. कर्व्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केलं. शरीराविषयी शास्त्राच्या आधारे आणि न लाजता बोलावं, हा कर्व्यांचा आग्रह. आज आपल्याला त्याच वाटेनं जायचं आहे.

मूल होत नसलं की ‘तिच्यात दोष आहे’ असं महाड-पोलादपूरच्या गावांत आम्ही आजही ऐकतो. शहरांतही ऐकतो. हा दोष म्हणजे नेमकं काय?

कर्वे १९५३ मध्ये गेले. त्याच वर्षी वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएची रचना मांडली. त्याआधी, १९३१ मध्ये, हॅरिएट क्रेटन आणि बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्यावर काम करून एक गोष्ट दाखवली होती. बीजपेशी तयार होताना, म्हणजे अर्धसूत्री विभाजनात, आईकडून आणि वडिलांकडून आलेली गुणसूत्रं आपसांत तुकड्यांची देवाणघेवाण करतात. ती कशी होते, हे कळायला पुढे साठेक वर्षं लागली.

उत्तर चमत्कारिक आहे, बरं का. पेशी स्वतःच आपला डीएनए तोडते! तोडणारं प्रथिन स्पो-११, हे १९९७ मध्ये यीस्टमधून कळलं. उंदराच्या एका पेशीत असे दोनशेच्या वर छेद पडतात. मग रॅड-५१ आणि डीएमसी-१ ही प्रथिनं तुटलेल्या टोकांवर बसतात, जोडीदार गुणसूत्रावर जुळणारा मजकूर शोधतात, आणि त्यावरून दुरुस्ती होते. या दुरुस्तीतूनच काही ठिकाणी देवाणघेवाण घडते आणि जोड्या नीट वेगळ्या होतात. डीएमसी-१ नसलेले उंदीर, नर असोत वा मादी, वंध्य निघतात. माणसांतही अशा प्रथिनांच्या जनुकांतले बिघाड सापडले आहेत: काही पुरुषांत शुक्राणू तयार होत नाहीत, काही स्त्रियांची पाळी फार लवकर थांबते. वंध्यत्वाच्या अनेक कारणांपैकी हे एक.

आता कालक्रम पाहा. पुरुषात हे काम वयात आल्यावर सुरू होतं आणि पुढे चालूच राहतं. स्त्रीबीजांत मात्र ही तोडजोड ती मुलगी आईच्या पोटात असतानाच उरकलेली असते. म्हणजे जिला सासरी बोल लावतात, तिच्या बीजांतलं हे काम तिच्या जन्माआधीच झालेलं असतं.

मराठीत ‘दोष’ म्हणजे बिघाड, आणि ‘दोष’ म्हणजे ठपका. तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी म्हणून आम्हाला एवढंच सांगायचं आहे: पहिल्यावरून दुसरा निघत नाही. जिथे निवड नाही, तिथे अपराध नाही. आणि बिघाड दोघांपैकी कुणातही असू शकतो. म्हणून दवाखान्यात दोघांनीही जावं. वीर्यतपासणी तर सर्वांत सोपी. ती टाळून बायकोलाच वर्षानुवर्षं फिरवत राहणं, ही मात्र निवड आहे. तिथे दोष द्यायला आमची हरकत नाही.