परीक्षकांची अभिरुची आणि छायाचित्रांचे निवाडे

लंडनहून निघणाऱ्या ‘द ॲमॅच्युअर फोटोग्राफर’ या साप्ताहिकाने १८८७ साली हौशी मंडळींनी सुट्टीत काढलेल्या छायाचित्रांची स्पर्धा भरविली आणि निवाड्याचा अखत्यार डॉ. पीटर हेन्री इमर्सन यांच्या हाती दिला, त्याच वेळी निकालाची दिशा बव्हंशी ठरून गेली होती. इमर्सन हे विद्येने वैद्य; परंतु नॉरफोकच्या पाणथळ मुलखातील बोरू कापणारी, मासे धरणारी, होड्या वल्हविणारी माणसे त्यांच्या नित्याच्या परिसरातच टिपावीत, रंगविलेले पडदे, उसने पोशाख आणि पढवून ठेवलेले हावभाव यांना छायाचित्रात थारा असू नये, हे मत त्यांनी धर्ममताच्या निष्ठेने धरले होते. त्यांच्यापुढे आलेल्या चित्रांत, बर्लिनमध्ये शिकणाऱ्या एका तरुणाने इटलीतील बेलाजिओ गावी टिपलेले, कसल्याशा विनोदावर खळखळून हसणाऱ्या पोरांच्या घोळक्याचे एक चित्र होते. इमर्सन यांनी पहिले पारितोषिक त्यालाच दिले आणि साऱ्या स्पर्धेत उत्स्फूर्त म्हणावे असे हे एवढेच काम आहे, असे कारणही सांगितले. रौप्यपदक आणि दोन गिनी मिळविणाऱ्या त्या तरुणाचे नाव आल्फ्रेड स्टिग्लिट्झ. पुढे अमेरिकेतील कलात्मक छायाचित्रणाचे धुरीणत्व त्याच्याकडे आले.

हेच चित्र हेन्री पीच रॉबिन्सन यांच्यापुढे गेले असते तर? रॉबिन्सन यांची कीर्ती उभी होती ती १८५८ च्या ‘फेडिंग अवे’ या चित्रावर. मरणोन्मुख मुलगी, उशाशी आप्त, खिडकीपाशी पाठमोरा पुरुष, असा तो प्रसंग त्यांनी पाच निगेटिव्हांमधून जुळवून एका कागदावर उतरविला होता. १८६९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाने रेषांचा तोल, त्रिकोणाकृती मांडणी, छायाप्रकाशाची वाटणी यांचे चित्रकारांकडचे नियम छायाचित्रकारांच्या हाती दिले आणि हौशी मंडळांतून ते नियम पिढ्यान्‌पिढ्या प्रमाण मानले गेले. माझा तर्क असा की, बेलाजिओच्या त्या घोळक्यात रॉबिन्सन यांना मांडणीचा अभावच प्रथम जाणवला असता. दोघेही विद्वान, दोघेही निःस्पृह, आणि दोघांचेही निवाडे परस्परविरुद्ध. ग्वाल्हेरच्या बंदिशीत कान मुरलेल्या रसिकाला किराण्याच्या संथ आलापीचा निवाडा करावयास बसविले, तर तो बेइमानी करणार नाही. पण जे ऐकावयाची त्याच्या कानाला सवयच नाही, ते त्याने ऐकावे कसे?

अभिरुची ही परीक्षकागणिक भिन्न असते एवढेच नव्हे, एकाच परीक्षकाच्या आयुष्यातही ती स्थिर राहत नाही, याचा दाखला पुन्हा इमर्सन यांचाच आहे. १८८९ साली त्यांनी आपले मत ग्रंथरूपाने मांडले; आणि लगोलग, हर्टर व ड्रिफील्ड या संशोधकांच्या प्रयोगांमुळे, काचेवरील छटांचे परस्परप्रमाण छायाचित्रकाराला स्वेच्छेने बदलता येत नाही असे दिसून येताच, काळ्या चौकटीची एक पुस्तिका छापून त्यांनी आपल्याच मताचा मृत्यू जाहीर केला. इतका प्रांजळपणा क्वचितच आढळतो. तरीही त्यांनी पूर्वी दिलेली पदके ज्यांना मिळाली त्यांच्याकडे राहिली आणि ज्यांना डावलले त्यांचे नुकसान भरून आले नाही. कलकत्त्यात जन्मलेल्या जूलिया मार्गारेट कॅमेरॉन यांच्या धूसर व्यक्तिचित्रांना लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीतील जाणकारांनी गलथान ठरविले, त्याच सुमारास बर्लिनच्या प्रदर्शनाने त्यांना पदक देऊन गौरविले, हा प्रकारही याच जातीचा.

परंतु अभिरुचीचा प्रश्न एका माणसापुरता न राहता संस्थेच्या मुळावर कसा येतो, हे पाहावयाचे तर १९०८ च्या लंडनकडे वळले पाहिजे. तांत्रिक सफाईलाच कला समजणाऱ्या जुन्या सोसायटीला कंटाळून रॉबिन्सनप्रभृतींनी १८९२ साली ‘लिंक्ड रिंग’ नावाचे मंडळ स्थापिले होते आणि दुसऱ्या वर्षापासून त्यांचे वार्षिक प्रदर्शन, ज्याला ते सलोन म्हणत, भरू लागले होते. १९०८ मध्ये निवडसमितीवर स्टिग्लिट्झच्या गटाचा वरचष्मा झाला आणि भिंतींवर मुख्यत्वे अमेरिकनांची व त्यांच्या वळणाच्या युरोपीय छायाचित्रकारांची चित्रे लागली. वर्षानुवर्षे सन्मानाने मांडली गेलेली अनेक इंग्रजांची कामे नामंजूर होऊन परत गेली. फ्रान्सिस जेम्स मॉर्टिमर यांनी ती नाकारलेली चित्रे गोळा करून, जेथून १८८७ ची स्पर्धा निघाली होती त्याच साप्ताहिकाच्या कचेरीत त्यांचे स्वतंत्र प्रदर्शन मांडले. पुढल्या वर्षी निवडीची सूत्रे इंग्रजांकडे आली, अमेरिकनांनी राजीनामे दिले, आणि १९१० साली मंडळ मोडले. ज्यांनी एका पिढीच्या अरुंद आवडीविरुद्ध बंड केले, त्यांचीच संस्था पुढल्या पिढीच्या तितक्याच अरुंद आवडीपायी लयास गेली, याची मला आजही खंत वाटते.

आपल्या मुंबईला हा इतिहास परका नाही. १८५४ साली येथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि तिच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे होते. १८९० च्या सुमारास मुंबईचे पारशी गृहस्थ शापूर भेडवार यांनी लंडनला जाऊन अभ्यास केला आणि घरातील स्त्रीपुरुषांना नाट्यप्रवेशाप्रमाणे मांडून काढलेल्या चित्रमालिकांवर पदके मिळविली. लिंक्ड रिंगमध्येही त्यांना प्रवेश मिळाला. त्यांची चित्रे रॉबिन्सनच्या परंपरेत चपखल बसणारी होती, आणि इमर्सनसारख्यांच्या हाती निवाडा असता तर भेडवारांचे नाव कदाचित आपल्या कानीही पडले नसते. १९३२ साली मुंबईत ‘कॅमेरा पिक्टोरिअलिस्ट्स ऑफ बॉम्बे’ हे मंडळ आणि १९३७ साली ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया’ ही संस्था उभी राहिली, तेव्हा विलायतेतील सलोनांचा सारा शिरस्ता येथे रुजला. तिरप्या उन्हात गुरांच्या खुरांनी उडालेली धूळ, पाणवठ्यावरून परतणाऱ्या स्त्रिया, सुरकुतलेल्या चेहऱ्याचा साधू, धुक्यातील शिडाची होडी, हे विषय पुन्हापुन्हा दिसतात ते आपल्या छायाचित्रकारांना दुसरे काही दिसत नव्हते म्हणून नव्हे. असली चित्रे मान्य होतात हे त्यांना अनुभवाने ठाऊक झाले होते.

त्या काळातील एखादी सलोनची प्रत हाती आली, तर तिची मागली बाजू अवश्य पाहावी. पुढे वीस इंच बाय सोळा इंचांच्या पुठ्ठ्यावर बसविलेले सुरेख चित्र असते. मागे निरनिराळ्या शहरांच्या प्रदर्शनांच्या रंगीत चिठ्ठ्या एकीला लागून एक डकविलेल्या असतात, काही अर्धवट निघालेल्या, काहींवर दुसरीची कड चढलेली. प्रत्येक चिठ्ठी म्हणजे एक मंजुरी. १९५० साली युरोपात छायाचित्रणाचा आंतरराष्ट्रीय महासंघ आणि १९५३ साली आपल्याकडे ‘फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफी’ स्थापन झाल्यावर या मंजुऱ्यांच्या हिशेबावर उपाध्या मिळू लागल्या. उपाधी मिळवावयाची तर मंजुऱ्या हव्यात, मंजुऱ्या हव्यात तर परीक्षकांची आवड ओळखावयास हवी, आणि आज उपाधी मिळविणारा उद्या स्वतः परीक्षकाच्या खुर्चीवर बसावयाचा. या चक्रात जी नजर एकदा शिरली ती सहसा बाहेर पडत नाही.

यावर उपाय म्हणून परीक्षक तीन किंवा पाच नेमावेत आणि गुणांची बेरीज करावी, असे सुचविले जाते व बहुतेक ठिकाणी तसे होतेही. उजेडात ठेवलेल्या चित्रासमोर परीक्षक काही क्षण थांबतात, आकडे देतात, पुढले चित्र येते. या रीतीने एकाची लहर आवरली जाते हे खरे. परंतु जे चित्र एका परीक्षकाला अलौकिक आणि इतर दोघांना असह्य वाटते ते बेरजेत मागे पडते, आणि जे तिघांनाही बरे वाटते ते पुढे सरकते. सरासरीने अभिरुची नाहीशी होत नाही, ती केवळ निनावी होते. आणि निनावी अभिरुचीशी वाद घालता येत नाही.

तेव्हा आपल्या गावोगावच्या छायाचित्रस्पर्धांच्या चालकांना माझी विनंती आहे की, परीक्षकांची नावे प्रवेशपत्रिकेतच जाहीर करावीत, ते स्वतः कशा प्रकारचे काम करतात हे तेथेच नमूद करावे, आणि पहिल्या तीन चित्रांखाली प्रत्येक परीक्षकाच्या सहीने दोनचार ओळींत कारण छापावे. इमर्सन यांनी १८८७ साली आपले कारण सांगितले होते, म्हणूनच आज त्यांच्याशी सहमत किंवा असहमत होता येते.