कॅफीन आणि घर्मस्राव

चहा, कॉफी व कोला पेयांतील कॅफीन मेंदूतील ॲडिनोसीनचे ग्राही अडवते. त्यामुळे अनुकंपी तंत्रिका तंत्र चेतते, रक्तातील ॲड्रेनॅलीन वाढते आणि स्वेदग्रंथी अधिक सहज स्रवू लागतात. १०० मिग्रॅ. कॅफीनने विश्रांतीतील चयापचय सुमारे ३ ते ४ टक्के वाढतो. निरोगी माणसाच्या शरीराचे तापमान मात्र फारसे हलत नाही. कपभर चहानंतर कपाळावर येणाऱ्या घामाचे श्रेय पुष्कळदा कॅफीनला नव्हे, पेयाच्या उष्णतेला द्यावे लागते : जठरातील उष्णताग्राही घाम सुरू करतात. तो सुकला तरच अंग थंडावते. कोकणातल्या दमट उन्हाळ्यात तो नुसताच निथळतो. रक्तातील कॅफीन निम्म्यावर येण्यास साधारण ५ तास लागतात, गरोदरपणात त्याहून बरेच अधिक.