वजन न लिहिलेला मासा

सत्तरच्या दशकातली गोष्ट आहे. वेल्ह्याच्या बाजूला एका शाळेत मी इतिहास शिकवत होतो. पाऊस नुकताच ओसरला होता. एका विद्यार्थ्याचे वडील आणि तो विद्यार्थी असे दोघे बांबूला मासा टांगून वाण्याच्या दुकानासमोर आले. मासा खडशी, म्हणजेच महाशीर. त्याची शेपटी जमिनीला टेकत होती. वाण्याने पोती तोलायचा काटा काढला, मासा तोलला आणि आकडा मोठ्याने सांगितला. जमलेली माणसं 'अबब' म्हणाली. संध्याकाळपर्यंत त्या माशाचे वाटे गावभर गेले.

तो आकडा आज मला आठवत नाही. माझ्या खिशात पेन होतं, हातात हजेरीपत्रक होतं, आणि मी इतिहासाचा मास्तर होतो! तरी तो आकडा लिहून ठेवावा असं माझ्या मनातही आलं नाही.

ही रुखरुख पुन्हा जागी झाली ती अमेरिकेतल्या एका तरुणाची हकीकत वाचून. जॉर्ज पेरी हा जॉर्जिया राज्यातला गरीब शेतकरी. २ जून १९३२ रोजी त्याच्या गळाला बास जातीचा एक प्रचंड मासा लागला. पोस्टातल्या काट्यावर तो बावीस पौंड चार औंस, म्हणजे दहा किलोहून थोडा जास्त भरला. 'फील्ड अँड स्ट्रीम' नावाचं मासिक तेव्हा मोठ्या माशांची स्पर्धा घेत असे. पेरीने वजन दाखला करून पाठवलं आणि बक्षीस मिळवलं. मासा मात्र घरच्यांनी शिजवून खाल्ला. म्हणजे तोही आमच्या माशासारखाच पोटात गेला, पण त्याचं वजन कागदावर राहिलं. २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांना त्याहून किंचित जड मासा मिळाला. फरक एका औंसापेक्षाही कमी! नियमाप्रमाणे विक्रम मोडायला किमान दोन औंस जास्त लागतात, म्हणून दोघांची बरोबरी ठरली. पोस्टातल्या काट्याचा आकडा सत्त्याहत्तर वर्षांनीही हिशेबात धरला गेला.

असे विक्रम नोंदवणारी आंतरराष्ट्रीय संस्था १९३९ मध्ये निघाली. आधी तिच्याकडे फक्त समुद्रातले मासे होते. गोड्या पाण्यातल्या माशांचं दप्तर त्या मासिकाकडून तिच्याकडे आलं ते १९७८ मध्ये. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत सरकारी खातीच अशी प्रमाणपत्रं देतात. प्रत्येक जातीसाठी किमान लांबी किंवा वजन ठरलेलं असतं. तेवढा मासा मिळाला की नाव नोंदवायचं. आता पुष्कळ ठिकाणी मासा मोजून, फोटो काढून पुन्हा पाण्यात सोडला तरी मान मिळतो.

आपल्याकडे हा नाद साहेबांनी आणला. महाशीर हा त्यांचा लाडका मासा. १९४६ मध्ये म्हैसूरच्या व्हॅन इंगेन यांनी कबिनी नदीत १२० पौंडांचा, म्हणजे चोपन्न किलोंचा महाशीर धरला. त्या माशाचं नाव हौशी मंडळी अजून काढतात. मुंबईच्या पवई तलावावर महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन आहे. तिचं जुनं नाव बॉम्बे प्रेसिडेन्सी अँगलिंग असोसिएशन.

तुम्ही म्हणाल, ही तर रिकाम्या लोकांची हौस! मीही तसंच म्हणायचो. पण पुढची हकीकत ऐका, कारण ती आपल्या पुण्याशी येऊन भिडते.

कर्नल साइक्स हा इंग्रज अधिकारी दख्खनची माहिती गोळा करत फिरला. त्याने १८३९ मध्ये मुळा-मुठेतल्या महाशीराचं वर्णन छापलं आणि त्याला शास्त्रीय नाव दिलं ते इथल्याच बोलीतलं, 'खुद्री'. आमच्या आंबी आणि मोसी नद्यांचं पाणी शेवटी त्याच मुठेला मिळतं. पुढे नद्यांवर धरणं झाली. पावसाळ्यात अंडी घालायला वर चढणाऱ्या या माशाची वाट अडली. तेव्हा लोणावळ्याला टाटांच्या तलावाकाठी डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी सत्तरच्या दशकात त्याची कृत्रिम पैदास साधली. काम मोलाचं होतं. तिथली पिल्लं दूरदूरच्या नद्यांत सोडली गेली, त्यात कावेरीही होती.

कावेरीत पाठीवर कुबड असलेला तिथला स्वतःचा महाशीर होता. तिथल्या गळवाल्यांच्या छावणीत कोण किती तास बसला, कुठला मासा मिळाला, वजन किती, हे सगळं वहीत लिहिलं जाई. १९९८ ते २०१२ या वर्षांतल्या सहा हजारांवर माशांच्या नोंदी पुढे संशोधकांनी तपासल्या, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. आपल्याकडून गेलेला महाशीर तिथे वाढत होता आणि मूळचा कुबडा महाशीर नाहीसा होत चालला होता. २०१८ मध्ये त्या कुबड्याची शास्त्रीय ओळख पक्की झाली, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त म्हणून जाहीर झाला. चांगल्या हेतूने केलेल्या कामाचा हा परिणाम कुणाच्या लक्षात आला नसता. फुशारकीसाठी ठेवलेल्या वह्यांनी तो दाखवून दिला.

आपल्या लोकांनी माशाचा मान ठेवला नाही असं मात्र नाही. आमचा मढे घाट उतरून महाड तालुक्यात गेलं की काळ नदीवर वाळणकोंड लागते. तिथे वरदायिनी देवीचं ठाणं आहे. कोंडीतले महाशीर देवीचे, त्यांना कुणी गळ टाकत नाही. मोठ्या माशाला हात न लावणं हाही मानच. पण हा मान कोंडीपुरता आणि देवीच्या भीतीने राखलेला. कोंडीबाहेरच्या नदीत काय होतं आणि काय गेलं, याची वही कुणाकडे आहे? ज्यांचं आयुष्य नदीत गेलं, त्यांना लिहिता येत नव्हतं. आम्हाला येत होतं, पण आम्ही सनावळ्या पाठ करून घेण्यात गुंतलो होतो.

मागच्या वर्षी तो विद्यार्थी भेटला. आता त्याचेही केस पिकलेत. मी विचारलं, "बाबा रे, त्या माशाचं वजन आठवतं का?"

"नाही गुरुजी," तो म्हणाला. "पण जागा आठवते. उंबराखालचा डोह. बाबा म्हणायचे, मोठी खडशी ज्येष्ठाच्या पहिल्या लोंढ्याला वर चढते नि नवरात्राच्या आत परतते. आता तो डोह धरणाच्या पाण्याखाली आहे."

मी पिशवीतून वही काढली. तो सांगत गेला आणि मी लिहीत गेलो. पाच पानं भरली. वजनाची जागा मोकळी सोडली आहे.

असो. तुमच्याही गावात असा कुणी असेल, तर त्याला एकदा भेटून या. जाताना वही न्यायला विसरू नका.