विश्लेषण : गावात टॉवर आला, तरी इंटरनेट का चालत नाही?

करोनाकाळात शाळा बंद झाल्या तेव्हा कोकणात आणि सातपुड्यात मुले टेकडीवर, झाडाखाली जिथे रेंज मिळेल तिथे बसून ऑनलाइन वर्गाला हजेरी लावत होती. त्यानंतर अनेक गावांत ४जी टॉवर उभे राहिले. तरीही ‘फोनवर काड्या दिसतात, पण नेट चालत नाही’ ही तक्रार कायम आहे. आता प्रश्न अभ्यासापुरताही राहिलेला नाही. रेशन दुकानातील ई-पॉस यंत्रावर अंगठा लावणे, बँक मित्राकडून पैसे काढणे, योजनेसाठी ई-केवायसी करणे, या सगळ्यासाठी नेटवर्क लागते. रोजगार हमीच्या कामावरील हजेरीही १ जानेवारी २०२३ पासून मोबाइल अ‍ॅपवरून घेणे बंधनकारक झाले. म्हणजे रेंज गेली की धान्य, पैसे आणि मजुरी अडू शकते.

फोनवर काड्या असूनही नेट का नसते?

मोबाइल इंटरनेटचा प्रवास दोन टप्प्यांत होतो. पहिला टप्पा फोन ते टॉवर. हा रेडिओ लहरींवर चालतो आणि फोनवरच्या काड्या फक्त याच टप्प्याबद्दल सांगतात. दुसरा टप्पा टॉवर ते इंटरनेटचे मुख्य जाळे. त्याला बॅकहॉल म्हणतात. तो जमिनीखालच्या ऑप्टिकल फायबरने किंवा एका टॉवरवरून दुसऱ्या टॉवरकडे रोखलेल्या मायक्रोवेव्ह अँटेनाने जोडलेला असतो. अतिदुर्गम ठिकाणी उपग्रहाचा आधार घ्यावा लागतो. हा दुसरा टप्पा अरुंद असेल किंवा तुटला असेल, तर काड्या पूर्ण दिसूनही व्हिडीओ गोल गोल फिरत राहतो.

शिवाय टॉवरची क्षमता त्याच्या परिसरातील सगळ्या ग्राहकांत वाटली जाते. त्यामुळे संध्याकाळी सगळे एकदम मोबाइल हातात घेतात तेव्हा वेग कमी होतो. तिसरी अडचण विजेची. लोडशेडिंगमध्ये टॉवर बॅटरीवर चालतो. बॅटरी उतरली आणि डिझेल जनरेटरची सोय नसली, की टॉवर बंद पडतो.

लहरींचा काय संबंध?

सगळ्या लहरी सारख्या नसतात. ७०० किंवा ९०० मेगाहर्ट्झसारख्या कमी वारंवारितेच्या लहरी दूरवर जातात आणि भिंतींतूनही बऱ्यापैकी आत शिरतात. २३०० किंवा ३३०० मेगाहर्ट्झच्या लहरींवरून जास्त डेटा वाहून नेता येतो, पण त्यांचा पल्ला कमी असतो. विखुरलेल्या पाड्यांसाठी पहिला प्रकार सोयीचा, तर दाट वस्तीच्या शहरासाठी दुसरा.

भारतात २०१६ च्या लिलावात ७०० मेगाहर्ट्झच्या लहरी विक्रीला होत्या. मात्र पायाभूत किंमत फार जास्त असल्याने एकाही कंपनीने त्या घेतल्या नाहीत. ग्रामीण भागासाठी सर्वांत उपयोगी असलेल्या या लहरी त्यानंतरही काही वर्षे पडून राहिल्या. २०२२ च्या लिलावात जिओने त्या घेतल्या आणि २०२३ मध्ये सरकारने बीएसएनएललाही या पट्ट्यातील लहरी देण्याचा निर्णय घेतला. लहरींच्या किमतीचा गावातील रेंजशी असा थेट संबंध येतो.

खासगी कंपन्या दुर्गम भागात का जात नाहीत?

कारण हिशेब जुळत नाही. पुण्यातील एका वसाहतीतील टॉवरला हजारो ग्राहक मिळतात. धडगाव किंवा भामरागड तालुक्यातील पाड्यावर तितकाच टॉवर उभारला, तर ग्राहक काही शेकडा. खर्च मात्र उलट वाढतो. तिथे रस्ता नसतो, वीजवाहिनी लांबून आणावी लागते, फायबर डोंगरातून टाकावे लागते आणि वनजमीन असेल तर परवानगीची वाट पाहावी लागते. रिचार्जचे दर मात्र दोन्हीकडे सारखेच.

मग पैसा कोण देते?

यासाठी २००२ पासून सार्वत्रिक सेवा दायित्व निधी अस्तित्वात आहे. दूरसंचार कंपन्यांना आपल्या समायोजित सकल महसुलाच्या ५ टक्के रक्कम त्यासाठी भरावी लागते. अर्थात हा भार शेवटी ग्राहकाच्या बिलातूनच येतो. शहरातला ग्राहक जे रिचार्ज करतो, त्यातला काही भाग दुर्गम भागातील टॉवरसाठी जावा, ही त्यामागची कल्पना. दूरसंचार कायदा २०२३ नुसार या निधीचे नाव आता ‘डिजिटल भारत निधी’ झाले आहे.

या निधीतून काही मोठ्या योजना मंजूर झाल्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रासह पाच राज्यांतील ४४ आकांक्षित जिल्ह्यांमधील ७,२८७ गावांना ४जी देण्यासाठी सुमारे ६,४६६ कोटी रुपयांची योजना आली. जुलै २०२२ मध्ये देशभरातील ४जी नसलेल्या २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटी रुपये मंजूर झाले. या दुसऱ्या योजनेत टॉवर उभारण्याबरोबर पाच वर्षे तो चालवण्याचा खर्चही धरलेला आहे. ही बाब महत्त्वाची, कारण दुर्गम भागात टॉवर उभारण्याइतकेच तो चालू ठेवणे अवघड असते.

तरी काम का रेंगाळते?

दोन उदाहरणे पाहता येतील. पहिले भारतनेटचे. सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची ही योजना २०११ मध्ये वेगळ्या नावाने मंजूर झाली. मुदती अनेकदा वाढल्या. दोन लाखांहून अधिक ग्रामपंचायतींपर्यंत जोडणी पोहोचली, पण पोहोचलेली जोडणी चालू राहीलच असे नाही. रस्त्याचे काम सुरू झाले, जेसीबी फिरला आणि केबल तुटली, की पुढची सगळी गावे बंद. कारण केबल एकाच सरळ रेषेत टाकलेली होती. ऑगस्ट २०२३ मध्ये १,३९,५७९ कोटी रुपयांच्या सुधारित योजनेला मंजुरी मिळाली. तिच्यात ‘रिंग’ रचनेवर भर आहे. एका बाजूने केबल तुटली, तरी डेटा दुसऱ्या बाजूने फिरून येऊ शकतो.

दुसरे उदाहरण बीएसएनएलचे. दुर्गम गावांची जबाबदारी मुख्यतः याच सरकारी कंपनीवर आहे, पण खासगी कंपन्या ५जीकडे वळल्या तेव्हा तिचे स्वतःचे ४जी तयार नव्हते. परदेशी यंत्रणेऐवजी देशी बनावटीची यंत्रणा वापरायचे ठरले. टीसीएस, तेजस नेटवर्क्स आणि सी-डॉट यांनी ती विकसित केली. २७ सप्टेंबर २०२५ रोजी ओडिशातील झारसुगुडा येथे सुमारे ९७,५०० टॉवरचे लोकार्पण झाले. देशाला स्वतःचे तंत्रज्ञान मिळाले, पण त्यासाठीची प्रतीक्षा मुख्यतः ज्यांच्याकडे दुसरा पर्याय नव्हता त्यांच्या वाट्याला आली.

रेंज आली की प्रश्न सुटतो?

नाही. रेंज असणे आणि इंटरनेट वापरता येणे यांत अंतर आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या पुरुषांचे प्रमाण ५७.१ टक्के, तर स्त्रियांचे ३३.३ टक्के आढळले. टॉवर दोघांसाठी एकच असतो, पण घरातला स्मार्टफोन बहुधा पुरुषाच्या खिशात असतो. स्वतः वापरता येईल असा साधा मोबाइलही सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडेच होता.

दराचाही मुद्दा आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर डेटा प्रचंड स्वस्त झाला. मात्र जुलै २०२४ मध्ये तिन्ही मोठ्या खासगी कंपन्यांनी दर वाढवले. रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबात चार फोनांचे रिचार्ज हा आता किराण्याच्या यादीतला खर्च झाला आहे.

गावकऱ्यांना काय करता येईल?

कंपन्यांनी आपल्या संकेतस्थळावर रेंजचे नकाशे द्यावेत, असा ट्रायचा नियम आहे. नकाशात गाव ‘रेंजमध्ये’ दिसत असेल आणि प्रत्यक्षात नेट नसेल, तर तो तक्रारीचा ठोस आधार ठरतो. आधी कंपनीकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवावा आणि उत्तर समाधानकारक नसेल, तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जावे. आणखी एक सोय कमी लोकांना माहीत आहे. डिजिटल भारत निधीतून उभारलेल्या टॉवरवरून एकाहून अधिक कंपन्यांच्या सिमकार्डांना ४जी सेवा देण्याची व्यवस्था जानेवारी २०२५ मध्ये सुरू झाली. त्यामुळे गावातला टॉवर कोणत्या निधीतून आला, हे ग्रामपंचायतीत विचारून घेतलेले बरे.

सरकारी आकडेवारीत टॉवर सुरू झाला, की गाव ‘जोडलेले’ मोजले जाते. रेशन दुकानासमोर रांगेत उभ्या असलेल्या माणसासाठी मात्र यंत्राने अंगठा स्वीकारला, तरच गाव जोडलेले असते. महिन्यातले किती दिवस आणि किती तास टॉवर खरोखर चालू होता, हा आकडा गावनिहाय मोजला आणि जाहीर केला गेला, तर या दोन हिशेबांतले अंतर सगळ्यांना दिसेल.